सहा वर्षं वर्गणी थकली म्हणून काकांचं नाव कमी करायचं का?

लालबागच्या एका गावमंडळाच्या सेक्रेटरींचं पत्र आलंय. मोठं आहे, त्यातला कामाचा भाग तेवढा देते, गावाचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून काढलंय.

"ताई, आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. मुंबईचं मंडळ आजोबांच्या पिढीनं काढलेलं, लालबागला चाळीत मंडळाच्या दोन खोल्या आहेत. वडील गिरणीत होते. मी खाजगी बँकेत आहे, डोंबिवलीला राहतो, गेली काही वर्षं सेक्रेटरीचं काम बघतोय. आता चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय आणि नेमकं आत्ताच मंडळात नवीन लोक आलेत. एक सीए, दोन इंजिनियर, एक जण दुबईत असतो. खरं सांगायचं तर मंडळ त्यांनीच जिवंत केलं, हिशेब क्लीन केले, ऑडिट करून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की वर्षाची वर्गणी ३०० वरून ३,००० करू, नवीन मेंबरला प्रवेश फी २१,००० ठेवू, मीटिंग ऑनलाइन घेऊ, आणि तीन वर्षांच्या वर थकबाकी असलेल्यांची नावं रजिस्टरमधून कमी करू. १४० मेंबर आहेत, त्यातले ६२ थकबाकीत. खोल्यांना ते डेड अ‍ॅसेट म्हणतात, फ्लॅट मिळाले की विकून गावात देवळाचा जीर्णोद्धार आणि मोठा हॉल करू म्हणतात. मागच्या मीटिंगला आमचे एक काका उठले, रिटायर गिरणी कामगार, आता नालासोपाऱ्याला असतात. म्हणाले, ज्या खोलीचं तू बोलतोस त्या खोलीत मी आठ वर्षं झोपलोय, तू एक रात्र तरी झोपलास का? आणि निघून गेले. सीए म्हणाला, काकांची स्वतःची सहा वर्षं थकलीय, त्यांना बोलायचा हक्कच नाही. ताई, मी दोन्हीकडचा आहे. शिकलोय, पगार बरा आहे, आणि काकांच्या मांडीवर वाढलोय. मी कोणाच्या बाजूनं उभा राहू? नावं कमी करावीत का?"

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नावं कमी करू नका. या वर्षी तर अजिबात नाही, आणि बिल्डरबरोबर सह्या होईपर्यंत तो विषय मीटिंगच्या अजेंड्यावर पण येऊ देऊ नका. बाकीचं जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण तुमचे नवीन लोक वाईट आहेत असं मला म्हणायचं नाही, तसं तुमच्या पत्रातही कुठं दिसत नाही.

पहिलं म्हणजे ही मंडळं कोणाची होती ते बघा. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, डिलाईल रोड या पट्ट्यातल्या गिरण्यांमध्ये सगळ्यात जास्त माणूस रत्नागिरी जिल्ह्यातला, आणि तेव्हाची रत्नागिरी म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासकट, तो जिल्हा १९८१ ला वेगळा झाला. माणूस एकटा यायचा. बायको-पोरं गावाला, शेती, गुरं, म्हातारे सासू-सासरे सगळं तिच्या अंगावर, आणि हा दहा बाय बाराच्या खोलीत गावच्याच वीस-पंचवीस जणांबरोबर. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा. भिंतीला लागून ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या, खुंटीला शर्ट, माळ्यावर मंडळाचे मोठे टोप आणि भजनाचे टाळ-पखवाज, पावसाळा नसेल तर निम्मी माणसं गॅलरीत. जेवण खाणावळवालीकडे. गावाहून नवीन पोर आलं की नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडे खोलीचं भाडं मागायचं नाही, हा नियम बहुतेक गावांच्या खोल्यांमध्ये होता. कोणी वारलं तर मयताचा खर्च मंडळाचा. आणि हे सगळं चालायचं महिन्याच्या वर्गणीवर, जी सगळ्यांना एकच होती, कारण सगळ्यांचा पगार कमीजास्त एकाच आसपासचा होता.

हे फक्त आपल्या कोकणातल्या गावांचंच नाही. धोबीतलावला जेर महालमध्ये गोव्याच्या गावांचे क्लब आहेत, त्याला ते कूड म्हणतात. तिथं पण हेच, गावाच्या नावाचा क्लब, भिंतीला ओळीनं पेट्या, एका बाजूला गावच्या संताचं आल्तार म्हणजे वेदी, संध्याकाळी एकत्र प्रार्थना, मेंबर म्हणजे बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, वाजंत्री. मेंबरशिप गावावरून मिळायची आणि पैसे इतके कमी की बोटीची वाट बघत महिनोन्महिने बसलेल्या माणसालाही परवडावेत.

आता त्याच परळमध्ये दुसऱ्या प्रकारची संस्था पण होती, तिच्याशी तुलना केली तर तुमचा प्रश्न मला जास्त स्पष्ट दिसतो. ना. म. जोशींनी १९११ ला सोशल सर्व्हिस लीग काढली, पुढं परळचा दामोदर हॉल तिचाच. कामगारांसाठी वाचनालयं, रात्रशाळा, दवाखाने, फार मोठं काम केलं त्यांनी आणि मनापासून केलं. पण तिथं काम करणारे शिकलेले मध्यमवर्गीय, आणि ज्यांच्यासाठी काम चालायचं ते कामगार. गावमंडळात तसं नव्हतं. जो वर्गणी भरायचा तोच खोलीत झोपायचा, तोच मीटिंगमध्ये भांडायचा, त्याच्याच मुलाला पुढं खोलीत जागा मिळायची. देणारा आणि घेणारा एकच माणूस. तुमच्या नवीन कमिटीचे चारही ठराव एकत्र वाचले तर मंडळ हळूहळू पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जातंय. मेंबर एका आर्थिक थरातले आणि लाभार्थी दुसऱ्या, आणि लाभार्थ्याला मत नाही. कोणी ठरवून करतंय असं नाही, प्रत्येक ठराव सुटा घेतला तर शहाणपणाचाच वाटतो, म्हणूनच तुम्हाला नेमकं काय खटकतंय ते शब्दात सांगता येत नाहीय.

गावातली माणसं अशी दोन थरांत फुटली कधी, तर गिरणी संपात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आधी एकाच खोलीतली, एकाच पगारातली जी माणसं होती ती त्यानंतर फुटली. कोणाचा भाऊ बेस्टमध्ये होता, कोणी महापालिकेत चिकटला, कोणाचा मुलगा तेव्हा कॉलेजला होता आणि बायकोनं डबे करून त्याचं शिक्षण पूर्ण केलं, ती घरं वर आली. कोणी वॉचमन झालं, कोणी भाजी विकायला बसलं, बरेच जण खोलीतली ट्रंक उचलून गावाला गेले ते परत आलेच नाहीत. एकाच भावकीत एक घर डोंबिवलीच्या टू बीएचकेमध्ये आणि एक दिव्याच्या चाळीत. यात हुशारी आणि कष्टापेक्षा त्या दोन-तीन वर्षांत कोणाच्या घरात दुसरा पगार होता की नव्हता हे जास्त मोठं होतं, असं माझं मत आहे आणि ते मी ठामपणे मांडते. तुमचा सीए आणि काकांचा मुलगा यांच्यातलं अंतर तिथून सुरू होतं. मंडळाचं रजिस्टर ही एकच जागा उरलीय जिथं ही दोन्ही घरं अजून एका पानावर आहेत.

मंडळाची कामं कशी बदलत गेली तेही बघा. आधी खोली, मयत, नोकरी. आता बहुतेक मंडळांचं वर्षभराचं काम म्हणजे गुणगौरव समारंभ, क्रिकेटच्या टुर्नामेंट, स्मरणिका, देऊळ. यातलं काही वाईट नाही. पण गुणगौरवाला बसून एकदा नीट बघा, बक्षीस कोणाला मिळतंय. दहावीला ८० टक्क्यांच्या वर असा नियम असतो, स्टेजवर येणारी पोरं बहुतेक क्लास परवडणाऱ्या घरातली, ट्रॉफी देणारे त्याच घरातले, टाळ्या वाजवणारेही तेच. ज्या पोरानं सकाळी पेपर टाकून ५५ टक्के काढले त्याचे आईबाप येतच नाहीत, आणि मग कमिटीत कोणीतरी म्हणतं, लोकांना इंटरेस्टच नाही. दोन-चार वर्षं असं झालं की ते घर थकबाकीत जातं.

थकबाकीचं पण तसंच आहे. ६२ जण थकलेत म्हणता, पण मागायला कोण गेलं होतं? चाळीत होते तेव्हा वसुलीवाला वही घेऊन रविवारी दारात उभा राहायचा, पाच मिनिटं बसायचा, चहा घ्यायचा, पावती फाडायचा. आता माणसं विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूर, पनवेल अशी पांगली आणि वर्गणी मागितली जाते ग्रुपवर क्यूआर कोड टाकून. काका त्या ग्रुपवर आहेत का? असले तरी जीपे त्यांच्या फोनवर चालतं का, की फोन नातवाच्या हातात असतो? दुसरं, त्या ६२ मधले हयात किती आहेत? बहुतेक मंडळांत घरामागं एक नाव, ते पण कर्त्या पुरुषाचं. तो वारला की बायकोचं नाव लागत नाही, मुलाला कोणी सांगत नाही, आणि मेलेला माणूस वर्षानुवर्षं थकबाकीदार म्हणून यादीत राहतो. तिसरं, संपानंतर गावाला गेलेले किती आहेत? ते तिकडं ग्रामीण मंडळात असतील, पण मुंबईच्या रजिस्टरला त्यांचं नाव थकबाकीत. ही यादी घेऊन एक रविवार घालवा, सीएला पण बरोबर बसवा, प्रत्येक नावापुढं कारण लिहा. मुद्दाम वर्गणी बुडवणारे त्यात फार थोडे निघतील असं मला वाटतं.

आता कायद्याचं, कारण तुमचा सीए तिथंच बोट ठेवणार आणि त्याचं काही अंशी बरोबर आहे. मंडळ १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली रजिस्टर असेल तर त्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलीय त्याला मत देता येत नाही, मेंबर म्हणून मोजलं पण जात नाही. म्हणजे उद्या सभेत रिडेव्हलपमेंटचा ठराव आला तर हे ६२ जण असून नसल्यासारखे, नावं खोडा नाहीतर राहू द्या. म्हणून नुसतं नाव ठेवून भागणार नाही, सभेच्या आधी त्यांची वर्गणी चुकती झाली पाहिजे. काकांची सहा वर्षांची जुन्या दरानं १,८०० होते. ती एकदम भरणं नालासोपाऱ्यातल्या पेन्शनीवर बसलेल्या माणसाला जड आहे, दुबईवाल्याला तो आकडा दिसणार पण नाही. कमिटीनं ठराव करावा, मंडळाच्या घटनेत बसवून, वकिलाला एकदा दाखवून, की अमुक तारखेपर्यंत जुनी थकबाकी जुन्याच दरानं, हप्त्यानं किंवा ठरावीक रक्कम घेऊन मिटवू. आणि तो ठराव पोस्टानं किंवा माणूस पाठवून प्रत्येक घरी पोचवा, ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका.

वर्गणी वाढवायला माझा विरोध नाही, ३०० मध्ये आज ऑडिटचा खर्चही निघत नसेल. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मेंबरशिपची वर्गणी इतकीच ठेवा की दिव्याच्या चाळीतलं घर ती न मागता भरेल, ५०० म्हणा, काय जमेल ते त्या घरांनाच विचारून ठरवा. आणि ज्यांना ३,००० द्यायचेत, ३०,००० द्यायचेत, त्यांनी देणगी म्हणून द्यावेत, पावती घ्यावी, वार्षिक अहवालात नाव छापावं, त्यांचा मान ठेवा. मत मात्र सगळ्यांचं एकच. २१,००० ची प्रवेश फी मला मान्य नाही, सरळ सांगते. ती भरू शकेल असा माणूस त्या खोलीत कधी झोपायला येणार नाही, आणि ज्याला खोलीची गरज आहे, गावाहून पार्सल डिलिव्हरीच्या कामाला आलेला पोरगा, तो ती भरू शकणार नाही. शिवाय चाळ पाडायच्या तोंडावर एवढी फी लावली की लोकांच्या डोक्यात येतं की हा फ्लॅटमधला हिस्सा विकत घ्यायचा दर आहे. तसा हिस्सा कोणालाच नाही हे सभेत मोठ्यानं वाचून दाखवा, त्याच कायद्याच्या कलम १४ प्रमाणे संस्था बंद झाली तरी उरलेली मालमत्ता मेंबरांमध्ये वाटता येत नाही. दोन्ही बाजूंचा निम्मा संशय तिथंच जाईल, कारण मला तुमच्या पत्रावरून वाटतंय की काकांना भीती आहे की ही पोरं खोली वाटून घेणार, आणि पोरांना भीती आहे की म्हातारे हिस्सा मागणार.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या पत्रात कुठंच नाही. खोल्यांची भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? मंडळाच्या नावावर आहे असं गृहीत धरू नका, जाऊन बघा. त्या काळात चाळमालक मंडळ-बिंडळ ओळखत नव्हता, पावती गावातल्या एखाद्या लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाच्या, नाहीतर जॉबरच्या, म्हणजे गिरणीत माणसं लावणाऱ्या मुकादमाच्या नावानं फाडली जायची आणि पैसे सगळे मिळून भरायचे. तो माणूस गेला, त्याची मुलं-नातवंडं कुठंतरी आहेत, आणि भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूच्या वारसाला हक्क लागतो. बांधकाम होईपर्यंतचं ट्रान्झिटचं भाडं बिल्डर पावतीवाल्याच्या नावानं देणार, नवीन घराचा करार पावतीवाल्याशी करणार. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींपैकी असेल आणि विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३ (७) खाली जात असेल तर राहत्या खोलीला किमान ३०० चौरस फूट मिळतात, लालबागमध्ये त्याची किंमत काय होते ते तुम्ही बँकेत आहात, मी सांगायला नको. मग कोणाचा तरी नातू पावती घेऊन उभा राहिला तर मंडळाकडं पुरावा काय? वर्गणीच्या जुन्या वह्या, मीटिंगची प्रोसिडिंग बुकं, मंडळानं भरलेल्या भाड्याच्या नोंदी, आणि त्या खोलीत राहिलेली माणसं, जी प्रतिज्ञापत्रावर सांगू शकतात की इथं गाव राहत होतं, एक कुटुंब नाही. ती माणसं कुठं आहेत? तुमच्या ६२ च्या यादीत. काका आठ वर्षं झोपले म्हणाले ते वाक्य तुमच्या सीएला ऐकायला भावनिक वाटलं असेल, उद्या ते मंडळाच्या बाजूनं सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. जुन्या माणसांकडं जा, ट्रंकेतले कागद मागा, स्कॅन करा, आणि प्रतिज्ञापत्रं वकिलाकडून लवकर करून घ्या.

हे सांगताना एक गोष्ट राहून जाऊ नये. जुनं मंडळ सगळ्या गावाचं होतं असं आपण बोलतो, ते पूर्ण खरं नव्हतं. वाडीवाडीची, जातीजातीची मंडळं वेगळी होती. कुणबी समाजोन्नती संघ १९२० पासून आहे, बौद्धवाडीतली माणसं बौद्धजन पंचायत समितीच्या शाखेत जायची, कारण गावच्या नावाच्या खोलीत त्यांना जागा नव्हती. बायका तर कुठल्याच रजिस्टरवर नव्हत्या, खाणावळ चालवणारी बाई अख्ख्या खोलीला उधारीवर जेवू घालायची आणि मीटिंगला दाराबाहेर. तेव्हा मेंबरशिपचे दरवाजे आत्ता नव्यानं ठरवताच आहात तर ते या बाजूनं पण उघडा. घरामागं एक नाव हा नियम बदला, नवरा-बायको दोघांची नावं लावा, वारलेल्या मेंबरच्या बायकोचं नाव नवीन प्रवेश फी न घेता चढवा, लग्न झालेल्या मुलींना मेंबर राहायचं असेल तर राहू द्या. गावच्या मुली आज नर्स आहेत, शिक्षिका आहेत, पोलिसात आहेत, तुम्हाला माणसं कमी पडतायत आणि निम्मं गाव तुम्ही विचारातच घेतलेलं नाही. काकांच्या बाजूचे म्हातारे यावर कुरकुर करतील. तिथं तुम्ही नवीन लोकांच्या बाजूनं उभं राहायचं.

खोल्या डेड अ‍ॅसेट आहेत का यावर मी नवीन कमिटीशी भांडेन. लालबागपासून केईएम किती लांब आहे? टाटा, वाडिया किती लांब आहे? केईएम १९२६ पासून आणि टाटा १९४१ पासून तिथं आहे, कोकणातले कितीतरी पेशंट तिथंच येतात. टाटाच्या आजूबाजूच्या फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक प्लास्टिक अंथरून झोपलेले तुम्ही ऑफिसला जाता-येता बघितले असतील, त्यात आपल्या तालुक्यातली पण माणसं असतात. डोंबिवलीला नातेवाईक असतो, पण केमोच्या दिवशी सकाळच्या लोकलमधून पेशंट आणायचा कसा? तुमच्या गावातल्या मेंबरांपैकी ज्याच्याकडं मेडिक्लेम आहे त्याला ती खोली डेडच वाटणार. ज्याच्याकडं नाही त्याला विचारा. दोन फ्लॅट मिळाले तर एक गावच्या पेशंटसाठी आणि एक भरतीच्या, परीक्षेच्या, पहिल्या नोकरीच्या पोरापोरींसाठी, कुठल्याही वाडीतल्या, हा माझा प्रस्ताव आहे, सभेत तुमच्या नावानं मांडा. देखभाल खर्च मोठा येईल, टॉवरचा मेंटेनन्स चाळीच्या भाड्यासारखा नसतो, कॉर्पस, म्हणजे ज्याच्या व्याजावर खर्च चालेल तो निधी, कुठून आणायचा ते आधी ठरवावं लागेल, आणि इथं तुमचे सीए आणि दुबईवाले यांची खरी गरज आहे. देवळासाठी पैसे कुठूनही जमतात दादा, गावाला दर शिमग्याला दिसतंच. विकायचंच ठरलं तरी, मंडळ ट्रस्ट म्हणून पण नोंदलेलं असेल तर ट्रस्टच्या मालकीची स्थावर मिळकत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतल्याशिवाय विकता येत नाही, तेव्हा कमिटीतल्या चौघांनी परस्पर ठरवून टाकण्याचा हा विषय नाहीच.

मीटिंग ऑनलाइन ठेवा म्हणतात, तर ठेवा, दुबईवाला आणि पुण्यातले कसे येणार. पण सोबत माणसं बसलेली मीटिंग पण हवी, दादर नाहीतर परळला, रविवारी दुपारी, मेगाब्लॉक बघून. वॉचमनची ड्युटी असलेल्यांना आठवडाभर आधी वेळ कळवा. आणि इंग्रजीतला पीपीटी नको, हिशेब मराठीत छापून हातात द्या. सीएला सांगा, अहवाल वाचताना प्रत्येक आकड्याला थांबायचं आणि कोणी काही विचारलं तर वही उघडून दाखवायची. जुन्या माणसांना हिशेब कळत नाही असं तरुणांना वाटतं. खोलीत पै-पैचा हिशेब ठेवलेली माणसं आहेत ती, मिलच्या पगाराच्या चिठ्ठीवरचा एक रुपया चुकला तर खात्यात जाऊन भांडणारी.

तुमच्या नवीन लोकांना तोडू नका, हेही तितक्याच आग्रहानं सांगते. शिकलेली, पैसेवाली मुलं गावमंडळाकडं परत येतात ही साधी गोष्ट नाही, बहुतेक येतच नाहीत, सोसायटीच्या कमिटीत नाहीतर ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये जातात. या पोरांनी संध्याकाळ घालवून तुमच्या पाच वर्षांच्या पावत्या लावल्यात. त्यांना बाजूला बोलावून सांगा की काम तुमचंच राहील, अकाउंट, ऑडिट, बिल्डरशी बोलणं, वकील, सगळं. फक्त मेंबर कोण हे ठरवायचा अधिकार कामाच्या बदल्यात मिळत नाही. सीए मुलगा माझ्या अंदाजानं ऐकेल, कारण त्याला नियम कळतात. त्याच्या आजोबांचं नाव पण त्याच वह्यांमध्ये कुठंतरी असेल, वही त्याच्यासमोर ठेवा आणि तो महिना दाखवा ज्या महिन्यात त्यांनी वर्गणी भरली नव्हती आणि तरी खोलीत होते. संपाच्या वर्षांची पानं काढा, सापडेलच.

काकांकडं तुम्ही स्वतः जा. फोन करू नका, नालासोपाऱ्याला जा, घरच्यांना घेऊन जा. सीएनं सभेत जे बोललं त्याबद्दल सेक्रेटरी म्हणून तुम्ही दिलगिरी व्यक्त करा, सभेत माणूस उठून गेला म्हणजे सेक्रेटरीची जबाबदारी होती. त्यांची थकबाकी तुम्ही गुपचूप भरू नका, मोह होईल, पण कळलं तर त्यांना ते लागेल. थकबाकीचा ठराव झाला की सगळ्यांबरोबर त्यांनाही पावती मिळू द्या, त्यांच्या हातानं पैसे देऊन.

तुम्ही दोन्हीकडचे आहात असं तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय. सेक्रेटरीला तेच लागतं, दोन्ही घरात चहा प्यायची सोय. मला काळजी वेगळीच आहे, की तुम्हीही हळूहळू वैतागून राजीनामा द्याल. या वर्षी देऊ नका.

कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात भाडेपावती. मग धर्मादायच्या ऑफिसमधून तुमच्या ट्रस्टच्या परिशिष्ट १ चा उतारा काढा आणि ट्रस्टी म्हणून कोणाची नावं चाललीत ते बघा, बऱ्याच मंडळांत तिथं अजून वारलेल्या माणसांचीच नावं असतात. त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ट्रस्टी बदलले की ९० दिवसांत त्याचा चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो राहिला असेल तर उशिराची कारणं लिहून वकिलामार्फत दाखल करा, नाहीतर उद्या बिल्डरसमोर सही कोणी करायची इथूनच अडेल. त्यानंतर थकबाकीची यादी आणि घरोघरच्या नोटिसा. सभा सगळ्यात शेवटी. पावतीवर कोणाचं नाव निघालं ते मला जरूर कळवा, ते मंडळाचं नसेल तर पुढचं उत्तर बरंच बदलेल आणि ते मी वेगळं लिहीन.